खोलीतलं मशीन, अंगणातला आवाज

भाऊबीज झाली की आमच्या भंडारा-गोंदियाकडे मंडईचे दिवस येतात. गावोगाव मंडई, रात्री दंडार, खडी गंमत, नाहीतर झाडीपट्टीचं नाटक. घरं पाहुण्यांनी भरतात आणि माझा फोन वाजू लागतो. मागणी बहुतेक एकच: ‘‘होम थिएटर आहेच घरी. त्यालाच दोन बाक्स लावून अंगणात आवाज काढून द्या ना, भाऊ.’’

माझं उत्तर ठरलेलं आहे. होम थिएटरकडून फक्त सिग्नल घ्या, ताकद घेऊ नका; ती बाहेरच्या वेगळ्या मशीनकडून, म्हणजे अँप्लिफायरकडून घ्या.

मशीनच्या पाठीवर, तारा खोचतो तिथे, किती ओहमचे स्पीकर चालतील ते छापलेलं असतं. रिसीव्हरवर बरेचदा ६ किंवा ८. खोलीतल्या ८ ओहमच्या स्पीकरलाच अंगणातला दुसरा ८ ओहमचा समांतर जोडला, की दोन्ही मिळून ४ ओहम होतात. बटन होतं तिथेच असलं तरी मशीनला दुप्पट करंट द्यावा लागतो. हळू आवाजात काही जाणवत नाही. मंडळी जमली, आवाज चढला, की चांगलं मशीन प्रोटेक्शनला जातं आणि स्वस्तातल्याची आयसी उडते.

पण आयसी बदलता येते. दुसरा घोटाळा भल्याभल्यांना उमगत नाही. ५.१ मध्ये माणसांचं बोलणं मुख्यतः मधल्या, सेंटर स्पीकरमधून येतं. अंगणातले बाक्स समोरच्या डाव्या-उजव्याला जोडले, तर बाहेरच्यांना पार्श्वसंगीत ऐकू येतं, मोटारी ऐकू येतात, आणि नायक काय बोलला ते घरातच राहतं. मग लोक बाक्स बदलतात, तार बदलतात. बिचाऱ्या बाक्सचा काय दोष! बाहेर न्यायचा तो दोन चॅनेलचा, बोलणं मिसळलेला सिग्नल. मोठ्या रिसीव्हरला त्यासाठी ‘झोन २’ची वेगळी सोय असते. नसेल तर टीव्हीच्या हेडफोनच्या पिनमधून तो मिळतो. मात्र पिन खोचल्यावर घरातला आवाज बंद पडतो का, ते टीव्हीच्या सेटिंगमध्ये आधी पाहून घ्यावं.

आता ताकदीचं. खोलीत भिंती आवाज परत फेकतात, म्हणून थोडक्यात भागतं. उघड्यावर तो गेला तो गेला. अंतर दुप्पट झालं की ६ डेसिबल कमी. स्पीकरपासून १ मीटरवर ९० डेसिबल असेल, तर १६ मीटरवर ६६ उरतात. म्हणजे एकाच बाक्सने घरामागच्या सांदवाडीपर्यंत पोचायचं, तर ओसरीत बसलेल्याचे कान फुटणार. त्यापेक्षा चार लहान स्पीकर चार जागी, हळू.

चार जागी म्हणजे लांब तारा, आणि तिथे आमच्या मंडपवाल्यांचं शहाणपण कामाला येतं. मंडईत रस्ताभर भोंगे लावणारा माणूस ओहमची बेरीज करत बसत नाही. तो १०० व्होल्टची लाइन टाकतो. अहुजासारख्या मशीनच्या मागे ४, ८, १६ ओहमच्या शेजारीच ७० आणि १०० व्होल्टचे स्क्रू असतात, ते याचसाठी. प्रत्येक स्पीकरपाशी एक लहान लाइन ट्रान्सफॉर्मर बसतो. १०० वॅट ८ ओहमला द्यायचे तर साडेतीन अँपियर करंट लागतो, १०० व्होल्टच्या लाइनवर एकच. करंट कमी, म्हणून तारेतलं नुकसानही कमी. अर्ध्या चौरस मिलिमीटरची बारीक तार ३० मीटर नेली, तर जाऊन-येऊन तिचाच विरोध सव्वादोन ओहमच्या वर भरतो. ८ ओहमचा बाक्स असेल तर पाचव्या हिश्शाहून जास्त ताकद तारेतच जिरते. तीच तार १०० व्होल्टच्या लाइनवर, चार स्पीकर मिळून ३० वॅट घेत असताना, शेकडा एकही खात नाही.

हिशेबही सोपा होतो. ट्रान्सफॉर्मरच्या टॅपवर वॅट लिहिलेले असतात. ओसरीत ५, सांदवाडीत १०, आजीच्या खाटेजवळ अडीच. बेरीज मशीनच्या वॅटपेक्षा कमी ठेवायची, झालं. लाइनचा स्पीकर होम थिएटरला किंवा साधा बाक्स लाइनला मात्र चुकूनही लावू नये. आणि १०० व्होल्टचा झटका बसतो. जोड उघडे ठेवून नुसती टेप गुंडाळणाऱ्यांचा मला राग येतो.

होम थिएटर आणि बाहेरचं मशीन वेगवेगळ्या बोर्डांवर असलं की बरेचदा घूं असा हम येतो. आधी दोन्ही एकाच बोर्डावर घ्यावीत. तरी राहिला तर सिग्नलच्या वाटेत आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर घालावा. अर्थिंग तोडून हम घालवणारे कारागीर आहेत; त्यांना दारातूनच परत पाठवा.

शेजाऱ्यांचंही पाहावं लागतं. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनी निवासी भागाची मर्यादा दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल ठरवली आहे. खाजगी यंत्रणेचा आवाज आपल्या हद्दीवर त्याहून ५ ने जास्त चालतो, पुढे नाही. रात्र १० ला सुरू होते. सणासाठी शासन वर्षातले मोजके दिवस मध्यरात्रीपर्यंत सूट देऊ शकतं, पण ती जाहीर झालेल्या दिवसांपुरतीच. म्हणून स्पीकरची तोंडं घराकडे, खाली झुकवून ठेवावीत. आवाज आपल्या अंगणात राहतो, आणि आमच्याकडचा पाऊस भोंग्यात साचून युनिट खराब करत नाही.