केबलचा जोड आणि काळी टेप

विजेची वायर तुटली की टोके सोलायची, एकमेकांत पिळायची आणि वर काळी टेप गुंडाळायची, ही रीत घराघरांत रुजलेली आहे. विजेपुरती ती चालून जाते. टीव्हीच्या केबलला मात्र ती चालत नाही, कारण कोॲक्सियल केबलमध्ये नुसती तार जोडून भागत नाही. तार आणि तिच्याभोवतीची जाळी यांच्यातले अंतरही जोडातून तसेच पुढे न्यावे लागते. ऑलिव्हर हेविसाइडने १८८० साली इंग्लंडमध्ये या रचनेचे पेटंट घेतले, तेव्हापासून तिचे मर्म हेच आहे. घरात येणाऱ्या आरजी-६ केबलमध्ये मधली तार साधारण एक मिलिमीटर जाडीची असते आणि तिच्याभोवतीचा पांढरा फोम साडेचार मिलिमीटरच्या आसपास. या दोन व्यासांचे गुणोत्तर आणि फोमचा गुणधर्म यांवरून केबलचा ७५ ओहम इम्पीडन्स ठरतो. जाळी बाजूला सारून पीळ दिला की तेवढ्या जागी हे गणित मोडते आणि सिग्नलचा काही भाग आल्या वाटेने परत फिरतो.

एवढ्याशा पिळाने काय बिघडणार, असे कोणी विचारेल. उत्तर तरंगलांबीत आहे. घरातल्या ५० हर्ट्‌झ विजेची तरंगलांबी सहा हजार किलोमीटर. तीन सेंटीमीटरचा पीळ तिच्या खिजगणतीतही नसतो. डिशवरच्या एलएनबीकडून, म्हणजे सिग्नल टिपणाऱ्या डबीकडून, खाली येणारा सिग्नल मात्र ९५० ते २१५० मेगाहर्ट्‌झचा असतो. दोन हजार मेगाहर्ट्‌झला या केबलमधला एक तरंग जेमतेम साडेबारा सेंटीमीटरचा भरतो, म्हणजे तोच पीळ पाव तरंगाइतका लांब झाला. मल्टिमीटर लावल्यावर बीप वाजतो हा पुरावा इथे कामाचा नाही. मीटर फक्त तार सलग आहे एवढेच सांगतो. शिवाय उघड्या पडलेल्या जोडातून बाहेरचे सिग्नल आत शिरतात, आणि १८०० मेगाहर्ट्‌झचे मोबाइल याच पट्ट्यात बोलतात.

‘पण चित्र तर स्वच्छ दिसते’ हा आक्षेप जास्त वजनदार आहे, आणि काही घरांत तो खराही असतो: सिग्नल जोरदार, केबल आखूड, मग वाईट जोडही खपून जातो. पूर्वी ॲनालॉग टीव्हीवर जोड बिघडला की पडद्यावर मुंग्या यायच्या, चित्राला सावली पडायची. दोष आपणहून दिसायचा. मुंबईत २०१२ अखेरीस केबल डिजिटल झाली, पुढे इतरत्रही झाली. डिजिटल सिग्नलमधल्या चुका सेट-टॉप बॉक्स स्वतः दुरुस्त करत राहतो आणि ते आवाक्याबाहेर गेले की चित्राचे एकदम चौकोनी तुकडे होतात. डिशच्या बाबतीत खराब जोड पावसाळ्यासाठी राखलेली सिग्नलची शिल्लक आधीच खाऊन टाकतो. मुसळधार सरीत डिशकडे येणारा सिग्नल क्षीण होतोच, पण हलक्या सरीतही चित्र जात असेल तर आभाळाकडे बघण्याआधी जोड बघावा.

मग झाळून टाकावे का? झाळल्याने धातू जुळतो, अंतर जुळत नाही. दोन्ही टोकांना एफ कनेक्टर आणि मध्ये त्यांना जोडणारा बॅरल, हाच योग्य जोड. चांगल्या बॅरलमध्ये एक डेसिबलही जात नाही. जाळी मागे वळवून बाहेरच्या आवरणावर बसवावी, फोमला चिकटलेली चांदीसारखी पन्नी तशीच ठेवावी आणि पांढरा फोम कनेक्टरच्या आतल्या तळाशी सपाट येईपर्यंत केबल आत दाबावी. मधली तार कनेक्टरच्या कडेबाहेर दोन-तीन मिलिमीटर दिसली पाहिजे. जाळीचा एकही केस तिला शिवता कामा नये, कारण याच तारेतून बॉक्स एलएनबीला १३ किंवा १८ व्होल्ट पुरवतो. फिरवून बसवायच्या कनेक्टरपेक्षा दाबून बसवायचा कॉम्प्रेशन कनेक्टर घ्यावा. ओढ बसली तरी तो सहसा सुटत नाही. गच्चीवर तर जोड शक्यतो नकोच. टेपखाली शिरलेले पाणी अडकून राहते, जाळीच्या केसांतून आत सरकत जाते आणि तिथला धातू गंजवते. गंजलेल्या जोडात व्होल्टेज पडले की १८ व्होल्टवर चालणारे चॅनेल जातात, बाकीचे सुरू राहतात, आणि ग्राहक पॅक संपला का म्हणून विचारत बसतो.