जित्याची खोड

दिव्याहून रोह्याकडे जाणारी गाडी पनवेल सोडते तेव्हा डब्यात बसायला जागा मिळते आणि माणसे एकमेकांशी बोलू लागतात. सोमाटणे, रसायनी, आपटा ही स्टेशने मागे पडली की जिते येते. गाडी जेमतेम थांबते. कोकणातल्या मोठ्या गाड्या तर तेवढाही मान देत नाहीत. मोटारीने गोव्याच्या रस्त्याने जाणाऱ्यांना कर्नाळ्याचा अंगठ्यासारखा सुळका आठवतो, खारपाड्याला पाताळगंगा ओलांडल्याचे आठवते, आणि त्यानंतर एकदम पेणचे गणपती. मधले जिते कोणाच्या ध्यानात राहत नाही. वाचकांनाही हे नाव ऐकून काही आठवेल अशी माझी अपेक्षा नाही. गावात पाहण्यासारखे काय आहे, असे कोणी विचारले तर मलाही चटकन उत्तर देता येणार नाही.

मी तिथे जातो तो आप्पांसाठी. आप्पा माझे आजोबा. खरे म्हणजे सावत्र आजोबा. पण हा शब्द लिहिताना हात अडखळतो. मराठीत सावत्र आई आहे, सावत्र भाऊ आहे, आणि कहाण्यांतून त्यांनी केलेला छळही पुष्कळ आहे. सावत्र आजोबा मात्र कुठल्याच कहाणीत मला भेटला नाही. वडील त्यांना आप्पा म्हणत, म्हणून आम्ही मुलेही आप्पाच म्हणू लागलो. आजोबा हा शब्द आमच्या घरात कोणाला लागलाच नाही.

१९१८ साली इन्फ्लुएन्झाची साथ आली. हिंदुस्थानात तिने कोटीहून अधिक माणसे नेली असे सांगतात. त्यांतच नागोठण्याच्या बाजूच्या एका खेड्यात माझे सख्खे आजोबा गेले आणि इकडे जित्याला आप्पांची पहिली बायको गेली. दोन वर्षांनी आजीचा आप्पांशी पाट लागला. विधवेच्या पुनर्विवाहाचा कायदा १८५६ चा. पण धोंडो केशव कर्व्यांनी १८९३ साली विधवेशी लग्न केले तेव्हा मुरुडकरांनी त्यांच्यावर बहिष्कार घातला, हे आपण शाळेत शिकलो. आमच्या जातीत पाटाची चाल कायद्याच्या कितीतरी आधीपासूनची होती. शहरातल्या सुधारकांना ज्यासाठी सभा घ्याव्या लागल्या, ते आमच्याकडे रात्रीच्या वेळी चार माणसांत गूळ-खोबरे वाटून उरकत असे. एवढेच, की अशा वेळी पहिल्या घरचे मूल बहुधा पहिल्या घरीच राही. आप्पांनी मुलगा मागून घेतला. माझे वडील त्या वेळी सात-आठ वर्षांचे होते. आजीच्या पाठोपाठ चालत ते जित्याला आले.

आप्पांना स्वतःचे मूल पुढे झाले नाही. वडिलांना त्यांनी पेणला एका ओळखीच्या घरी शिकायला ठेवले आणि दर शनिवारी डोक्यावर तांदूळ घेऊन ते तिथे पोहोचवले. वडील व्हर्नाक्युलर फायनल झाले, मग मॅट्रिक झाले, आणि मुंबईत कारकुनीला लागले. आमचा जन्म गिरगावातल्या चाळीतला.

त्या काळी जित्याला जायचे म्हणजे एस. टी.ने. वाशीचा खाडीपूल व्हायला १९७३ साल उजाडायचे होते, त्यामुळे ठाण्याला वळसा घालून पनवेल गाठावे लागे. रेल्वे रोह्यापर्यंत गेली ती १९८६ साली. आप्पांनी काही ती पाहिली नाही. जिल्ह्यालाही तेव्हा कुलाबा म्हणत. धुळीने माखून आम्ही फाट्यावर उतरलो की आप्पा खांद्यावर घोंगडी टाकून उभे असत. आम्ही कुठल्या गाडीने येणार हे त्यांना कोणी कळवलेले नसे. सकाळपासून ते तिथेच बसलेले असत, हे आजीने मला फार उशिरा सांगितले.

आप्पांची काही शेते गावालगत होती आणि काही तुकडे लांब, खाडीच्या अंगाला, खारीत. खारी जमीन म्हणजे काय, हे मुंबईकरांना सांगितले पाहिजे. खाडीचे पाणी अडवायला मातीचा लांबलचक बांध घालायचा आणि आतल्या जमिनीतले मीठ पावसाळ्यांच्या पाण्याने धुऊन काढून तिथे भात लावायचा. बांधात जागोजाग लाकडी दाराची मोरी असते, तिला उघाडी म्हणतात. ओहोटीला आतल्या पावसाच्या पाण्याच्या रेट्याने दार उघडते आणि भरतीला बाहेरच्या पाण्याने ते आपोआप मिटते. इतकी शहाणी यंत्रे मी थोडी पाहिली आहेत. सरकारने १९४८ साली खार जमिनींसाठी वेगळा कायदा केला, पण बांध राखला तो पिढ्यान्‌पिढ्या गावकऱ्यांनीच. बांध सगळ्यांचा असतो. एकाच्या तुकड्यापाशी फुटला तर दहा जणांची भाते खारवतात आणि पुढली दोन-तीन वर्षे त्या जमिनीत धड काही येत नाही.

बांधाचा खरा वैरी खेकडा. तो मातीत बीळ करतो. भरतीचे पाणी त्यातून आधी बोटभर येते, मग मनगटाएवढे, आणि मग बांधच बसतो. त्याला खांड जाणे म्हणतात. पौर्णिमा-अमावास्येचे उधाण जवळ आले की आप्पा काठी घेऊन बांधावर निघत आणि बिळे शोधून चिखल-पेंढ्याने बुजवत. स्वतःच्या तुकड्यापुढचीच नव्हे, दिसतील ती सगळी. लोक हसत आणि म्हणत, "आप्पांची ही जित्याची खोड." या विनोदाचा गावाला कधी कंटाळा आला नाही. सुट्टीत मी त्यांच्याबरोबर जाई. जिताडा नावाचा फार रुचकर मासा त्या खाड्यांत मिळतो. त्याच्यावरून गावाचे नाव पडले का, असे मी एकदा विचारले होते. "मग पेणला काय पेंड खातात?" असे आप्पांनी मलाच उलट विचारले.

आप्पांना लिहिता-वाचता येत नव्हते, पण पाऊणकी तोंडपाठ होती. आज तिथी कोणती, तिची पाऊणपट करायची, तितके वाजता भरती. अष्टमीला आठ पाऊणे सहा. पौर्णिमेला पंधरा पाऊणे सव्वाअकरा. खाडीत आत पाणी यायला आणखी थोडा वेळ धरायचा. १९५७ साली नवे पैसे आले आणि पुढे पावकी-निमकी शाळेतून हळूहळू गेली. मला पाऊणकी येते ती शाळेमुळे नव्हे.

आता जे सांगायचे ते सांगतो. मी पाचवीत असताना आप्पा एकदा चाळीत आले. गुडघ्यापर्यंत धोतर, अनवाणी पाय, एका खांद्यावर तांदळाचे गाठोडे आणि दुसऱ्यावर कडव्या वालांचे. चाळीत आमचे आजोबा वारले आहेत हे सर्वांना ठाऊक होते. वडिलांनी खोटे काही सांगितले नव्हते; पुढचे मात्र सांगितले नव्हते. चाळीत पाट हा शब्द बायका आवाज खाली आणून उच्चारत. मी गॅलरीत मित्रांबरोबर पत्ते खेळत होतो. एका मित्राच्या आईने विचारले, "हे कोण रे?" मी म्हणालो, "गावाहून तांदूळ घेऊन येतात ते."

आप्पा माझ्यापासून चार हातांवर उभे होते. त्यांनी गाठोडी खाली ठेवली, त्या बाईंकडे पाहून हात जोडले आणि म्हणाले, "होय बाई. यंदा तांदूळ चांगला झालाय." रात्री ते राहिले नाहीत. शेवटची गाडी मिळेल म्हणाले.

पुढल्या भाद्रपदात गणपतीला आम्ही गावी गेलो आणि पौर्णिमेपर्यंत राहिलो. हमरापूर, जोहे, कळवे या बाजूची गावे आज वर्षभर गणपती घडवतात. तेव्हा आम्हाला मौज वाटे ती आप्पा डोक्यावर पाट घेऊन मूर्ती आणीत त्याची. पण त्या वर्षीचा गणपती मला आठवत नाही. आठवते ती पौर्णिमेची रात्र. चार दिवस पाऊस थांबला नव्हता आणि आप्पांची पाऊणकी सव्वाअकरा सांगत होती. दहाच्या सुमारास कोणी तरी ओरडत आले, खांड गेली. सगळा गाव कंदील, पोती, पेंढा घेऊन बांधाकडे धावला. आजी निघाली, तिच्यामागे मी.

खांड तीन-चार हातांचीच होती, पण पाणी आत येताना जो आवाज करीत होते तो मी पुन्हा कुठे ऐकला नाही. पुरुषांनी खांद्याला खांदा लावून पाण्यात भिंत केली होती आणि त्यांच्या छातीमागे बाकीचे पोती रचीत होते. आप्पांनी तेव्हा साठी ओलांडली होती. ते मधोमध होते. मी पुढे पुढे सरकत गेलो, तसा अंधारातून कोणी तरी खेकसला, "हा पोर कोनाचा? मागं घ्या त्याला!"

"माझा नातू हाय," आप्पा पाण्यातून म्हणाले. "त्याच्याकडं कंदील द्या. धरील तो नीट."

मी कंदील धरला. पाणी ओसरेपर्यंत धरला होता. बरीचशी भाते वाचली. चाळीतली गोष्ट मी त्यांच्यापाशी कधी काढली नाही, त्यांनीही काढली नाही. पण ते विसरले होते असे मला वाटत नाही.

आजी त्यांच्याआधी गेली. मग आप्पांना कोणी तरी सांगितले, की १९५६ च्या वारसा कायद्यात सावत्र मुलाला बापाची जमीन आपोआप मिळत नाही. बायको असती तर तिला मिळाली असती आणि तिच्यामागून मुलाला. आप्पा दुसऱ्याच दिवशी पेणला गेले आणि मृत्युपत्र करून आले. कागद माझ्यापाशी आहे. वडिलांच्या नावापुढे "माझा मुलगा" एवढेच लिहिले आहे, आणि खाली आप्पांचा अंगठा.

त्या जमिनीचे आम्ही काय केले? काही केले नाही. आप्पांनंतर वडील दोन-चारदा आले. मग त्यांचे गुडघे, माझी नोकरी, मुलांच्या परीक्षा. गावालगतचे शेत विकले, घर पडले. खारीतले तुकडे कोणी घेईना, ते तसेच राहिले. बांधावर काठी घेऊन जाणारे आमच्या घरात कोणी नव्हते. पुढे कधी तरी तिथे खांड गेली, हे आम्हाला पत्राने कळले होते. वडिलांनी पत्र घडी करून ठेवून दिले.

गेल्या मार्गशीर्षात मी गाडीने जित्याला उतरलो. महामार्गाची धूळ चुकवीत, विचारत विचारत खाडीच्या बाजूला गेलो. बांध मधूनमधून दिसतो. आप्पांचे तुकडे होते तिथे आता तिवरे आहेत, माणसाच्या डोक्यापेक्षा उंच, आणि चिखलात खेकडे. नुसते आमच्याच नव्हे, शेजारच्याही तुकड्यांत. एका बाजूच्या खाचरात मात्र वाल हिरवेगार उभे होते आणि माझ्याच वयाचा एक म्हातारा तिथे खुरपीत होता.

"कोनाचे तुमी?" त्याने विचारले.

मी आप्पांचे नाव सांगितले. "त्यांचा नातू."

तो उठून उभा राहिला. माझ्याकडे बराच वेळ पाहून म्हणाला, "कंदीलवाला." मग काठीने तिवरांकडे दाखवून, तक्रारीचा सूर न काढता, जणू पाऊसपाण्याची गोष्ट सांगावी तसा म्हणाला, "तुमच्याकडून पानी आलं. माझे दोन तुकडे गेले, भावाचे तीन." मी काही तरी बोलू लागलो, तर त्याने हातानेच थांबवले आणि आप्पा उधाणाच्या आदल्या दिवशी त्याच्या बापाला झोपेतून कसे उठवीत याची गोष्ट सांगत मला घरी घेऊन गेला. चहा झाला. गाडीची वेळ त्यालाच माहीत होती. निघताना त्याच्या सुनेने कडव्या वालांची पुरचुंडी माझ्या हातात दिली. मी पैसे काढले ते त्याने पाहिले नाहीसे केले.

"रातभर भिजत घाला," तो म्हणाला, "मंग फडक्यात बांधून मोड येऊ द्या. मुंबईच्या मानसांना सांगावं लागतं."