पोरीचे टाचण

गेल्या वर्षी चामोर्शीत संविधान दिनाच्या कार्यक्रमात माझी मुलगी भाषण करताना मध्येच थांबली. आठवीतली पोर. ‘मसुदा समिती’पर्यंत सुरळीत आली आणि पुढचा एक शब्द हरवला. त्या एका शब्दाबरोबर सगळे भाषण गेले. रडवेली होऊन खाली बसली. दोष तिचा नव्हता. भाषण मी लिहिले होते, तिने नुसते पाठ केले होते.

मी कारकून माणूस. रोज टिपणी लिहितो: आधी विषय, मग वस्तुस्थिती, शेवटी अभिप्राय. साहेबांपुढे तोंडपाठ काही नेत नाही, मुद्दे नेतो. गुरुजीसुद्धा वर्गावर जाण्याआधी टाचण काढतात. पण पोरीला ते शिकवायचे मला सुचले नाही.

यंदा आम्ही बाबासाहेबांचे २५ नोव्हेंबर १९४९ चे संविधान सभेतील भाषण घेऊन बसलो. पाठ करू नकोस, त्याचा सांगाडा काढ, म्हटले. तिने कॅलेंडरच्या पाठकोऱ्या पानावर काढला. आधी कामाचा हिशेब: २ वर्षे, ११ महिने, १७ दिवस, ७,६३५ दुरुस्त्या आल्या, २,४७३ मांडल्या गेल्या. मग टीकाकारांना उत्तर. मग तीन इशारे: संवैधानिक मार्ग सोडू नका, राजकारणात विभूतिपूजा नको, नुसत्या राजकीय लोकशाहीवर समाधान मानू नका. (न लिहून झालेल्या ग्रंथांचेही आराखडे बाबासाहेबांच्या कागदांत निघाले, शासनाने ते १९८७ साली छापले.)

मग तिने स्वतःचे टाचण केले. पोस्टकार्डाएवढ्या कागदावर चार शब्द: हिशेब, इशारे, विसंगती, आजी. पूर्ण लिहिली फक्त पहिली आणि शेवटची ओळ.

‘आजी’ वाचून मी चपापलो. माझी आई धानाच्या रोवणीला जाते. मतपेटीत तिच्या आणि शेतमालकाच्या मताची किंमत एकच. मजुरी मात्र बाई म्हणून गड्यापेक्षा कमी. शेतमालक पाहुणे म्हणून पुढच्या खुर्चीत बसणार होते. मी म्हटले, “हा मुद्दा खोड.”

“मग विसंगती कशी समजावून सांगू, बाबा?”

मला उत्तर देता आले नाही.

मंचावर ती एकदा अडखळली, कागदाकडे पाहिले आणि पुढे बोलत राहिली. आजीचा मुद्दाही बोलली. पाहुण्यांकडे पाहण्याचे धाडस मला झाले नाही.

संध्याकाळी आईने विचारले, माझे काय सांगितलेस? पोरीने चुलीजवळ बसून सगळे पुन्हा सांगितले. कागद दप्तरातच होता आणि शब्द सकाळपेक्षा वेगळे होते.