नवा सूर

वाद्यवृंदाच्या तालमीला निघालेलीं, व्हायोलिनची पेटी छातीशीं धरून विरारच्या गाडींत उभीं असलेलीं पंधरा-सोळा वर्षांचीं मुलें मला अधूनमधून दिसतात. गतकालीन थोरांच्या रचना तीं वाजवितात तेव्हां आपण माना डोलावितों. पण हयात रचनाकाराची नवी कृति सुरू झाली, कीं आपल्यांतले जाणते हळूच विचारतात, ‘ह्यांत चाल कुठें आहे?’

प्रश्न रास्त आहे. पण त्या मुलांची कसोटी निराळी असते. नव्या कृतीला गिरवावयास कित्ता नाहीं, चूक झांकावयास ओळखीची चाल नाहीं. मात्रा मोजावयाच्या आणि शेजाऱ्याचा सूर ऐकावयाचा, एवढाच आधार.

आपल्या देशांत हें वेड नवें नव्हे. 1918 च्या सुमाराच्या साथींत पोरक्या झालेल्या मुलांना उस्ताद अल्लाउद्दीन खाँ यांनीं मैहर संस्थानांत एकत्र केलें, बंदुकीच्या नळ्यांचा नलतरंग घडविला आणि रागदारींतल्या स्वतःच्या नव्या रचना त्यांच्याकडून बसवून घेतल्या. ज्यांना घर नव्हतें, त्यांना घराणें मिळालें.

आणि परकें तें परकेंच राहत नाहीं, हें वसईकरांना कोणीं सांगावें? 1739 मध्यें चिमाजीअप्पांनीं किल्ला घेतल्यावर येथील पोर्तुगीज घंटा देवळांत गेल्या. नाशिकच्या नारोशंकराची घंटा त्यांतलीच म्हणतात. आज तिच्या नादाला परका कोण म्हणेल? मात्र ती आपलीशी व्हावी म्हणून पिढ्यान्‌पिढ्या वाजवावी लागली. नव्या सुरांनाहि तेवढेंच हवें: वाजविणारीं मुलें, आणि चाल सांपडली नाहीं तरी शेवटपर्यंत बसून राहणारे आपण.