ओहोटीची वेळ

समुद्रापासून दूर राहणाऱ्या माणसांना समुद्राविषयी जितकी मते असतात, तितकी समुद्राकाठच्या माणसांना खचित नसतील. आमचे नेवासे समुद्रापासून सरळ रेषेत सुमारे सव्वादोनशे किलोमीटर आत आहे. गावाला प्रवरा आहे. पण तिचीही तऱ्हा अशी की, रतनगडावर, पश्चिम समुद्र तेथून फारसा लांब नसताना, ती त्याच्याकडे पाठ फिरवून पूर्वेची वाट धरते, प्रवरासंगमी गोदावरीला मिळते, आणि आमच्या घाटावरून वाहून गेलेले पाणी सारा दक्षिण देश ओलांडून बंगालच्या उपसागरात जाते. तरीही समुद्र हा शब्द आम्हांला परका नाही. ज्या खांबाला टेकून ज्ञानेश्वरांनी १२९० साली ज्ञानेश्वरी सांगितली असे आम्ही मानतो, तो पैस आमच्या गावी आहे. आणि त्या ग्रंथात समुद्र व त्याच्या लाटा इतक्या वेळा येतात की, कीर्तनाला बसणारे नेवाशाचे पोर समुद्र पाहण्यापूर्वी कितीतरी वर्षे तो ऐकत असते. १९५४ ते १९५६ ह्या काळात डॉ. हसमुख सांकलिया ह्यांनी येथे उत्खनन केले, तेव्हा सातवाहनकालीन थरांत रोमन व्यापाराच्या खुणाही निघाल्या. म्हणजे दोन हजार वर्षांपूर्वी समुद्रावरचा माल नेवाशापर्यंत पोहोचला होता. आमच्या घरातील माणसे मात्र समुद्रापर्यंत पोहोचायची राहिली होती.

गेल्या हिवाळ्यात एकदाचे ठरले की, आईला समुद्र दाखवायचा. ठरले म्हणजे जाण्याचे ठरले. कोठे जायचे ते ठरेना. महाराष्ट्राला सातशेवीस किलोमीटरचा किनारा आहे हे आम्ही आईच्याच वर्गात शिकलो होतो. परंतु त्यातील कोणत्या एका किलोमीटरवर जाऊन उभे राहावे, हे भूगोलाच्या पुस्तकात दिलेले नसते.

घरात सभा भरली. अशा सभांचा नियम असा की, ज्याने एकच किनारा पाहिला आहे तो सर्वांत ठामपणे बोलतो. शेजारचे गृहस्थ गणपतीपुळ्याखेरीज दुसरे नाव ऐकून घेईनात. देऊळ आणि समुद्र एका प्रदक्षिणेत होतात, हा त्यांचा मुद्दा. माझ्या मुलाला तारकर्ली हवे होते. तेथले पाणी नितळ, पाण्याखाली उतरून मासे पाहण्याची सोय, आणि जवळच मालवणात १६६४ साली पाया घातलेला सिंधुदुर्ग. मुलीने वेळासचे नाव घेतले. तेथे २००२ पासून समुद्री कासवांची अंडी राखण्याचे काम चालले आहे, आणि फाल्गुनाच्या सुमारास चिमुकली पिले वाळूतून निघून समुद्राकडे धावतात. सौभाग्यवतीला गुहागर पसंत होते. तिच्या मैत्रिणीने तेथल्या सुरूच्या बनाचे आणि घरगुती खानावळीचे वर्णन केले होते. मी हरिहरेश्वर सुचवले, ते केवळ कोणी सुचवले नव्हते म्हणून. खडकावर अवचित लाट येते, तेथे म्हातारे माणूस न्यायचे नाही, असे म्हणून माझी सूचना तत्काळ फेटाळण्यात आली.

एवढ्यावर भागले असते तर ठीक. पण अमेरिकेत राहणाऱ्या भाच्याचाही फोन आला. तो सुटीत कोस्टा रिका नावाच्या देशात पॅसिफिकच्या किनाऱ्यावर जाऊन आला होता. तेथेही म्हणे हाच घोळ. एका बाजूला डोंगर, दुसऱ्या बाजूला महासागर, आणि मध्ये किनाऱ्यामागून किनारे, निवडावा कोणता? शेवटी त्याच्या मनात राहिला तो उविता. तेथे ओहोटी लागली की पाण्यातून वाळूचा एक लांब पट्टा वर येतो आणि त्याच्या टोकाला देवमाशाच्या शेपटीसारखा आकार होतो. त्यावरून चालत समुद्रात आत जाता येते. भरती आली की शेपटी पुन्हा बुडते.

आतापर्यंत आई एका कोपऱ्यात तांदूळ निवडत बसली होती. भाच्याचे बोलणे ऐकून तिचा हात थांबला.

“मला लाटा नकोत,” ती म्हणाली. “मला ओहोटी पाहायची आहे.”

आम्ही सर्व तिच्याकडे पाहतच राहिलो. समुद्रावर जाणारा मनुष्य भरती पाहायला जातो; ओहोटी म्हणजे खेळ संपल्यावरचा तंबू, अशी आमची समजूत. पण आईच्या मनात काय होते ते त्या रात्री तिने मला सांगितले. ती छत्तीस वर्षे तालुक्यातल्या जिल्हा परिषदेच्या शाळांतून शिक्षिका होती. भरती-ओहोटीचा धडा तिने दर वर्षी शिकवला. फळ्यावर निळ्या खडूने समुद्र काढायचा, आणि डस्टर हळूच बाजूला सरकवून पाणी मागे गेलेले दाखवायचे. एका वर्षी एका मुलाने विचारले, “बाई, पाणी मागं जातं म्हणजे जातं कुठं? तुम्ही पाहिलंय?” तिने चंद्राच्या ओढीचे पुस्तकातले उत्तर दिले. त्याचा दुसरा प्रश्न मात्र तिने ऐकूनही न ऐकल्यासारखा केला.

“तो मुलगा गप्प बसला,” आई म्हणाली. “पण त्याला कळलं होतं. त्यानंतर दर वर्षी तो धडा आला की वाटायचं, आपण न पाहिलेल्या गोष्टीची साक्ष देतोय.”

वडील होते तेव्हा दर उन्हाळ्यात समुद्र पाहण्याचा बेत होई. कधी विहिरीचे काम निघे, कधी आत्याचे लग्न, कधी आमच्या परीक्षा. वडिलांना जाऊन सहा वर्षे झाली. आईचे वय आता शहात्तर, आणि गुडघे असे की जिन्याच्या प्रत्येक पायरीशी त्यांना बोलणी करावी लागतात. तेव्हा हा प्रवास पुढच्या वर्षावर टाकण्यासारखा नव्हता, हे न बोलताही सर्वांना ठाऊक होते.

किनाऱ्याचा प्रश्न आता निराळाच झाला. सुंदर कोणता, हे बाजूला पडले. पाणी कोठे सर्वांत दूर जाते, हे पाहायचे होते. ह्या प्रश्नाचे उत्तर देण्यास घरात एकच अधिकारी व्यक्ती होती. आईने मुलाच्या वहीतले पान फाडून घेतले आणि त्यावर किनाऱ्याची रेषा काढली. छत्तीस वर्षांच्या सवयीने ती हुबेहूब आली. खंबायतचे आखात नरसाळ्यासारखे निमुळते असल्यामुळे आत शिरणारे पाणी तेथे चढत जाते. म्हणून उत्तरेकडे जावे तसा भरती-ओहोटीतला फरक वाढतो. मालवणकडे मोठ्या भरतीच्या दिवशी तो दोन-अडीच मीटर, मुंबईच्या आसपास चार-पाच, आणि भावनगरला दहाच्या घरात. भावनगर आम्हांला लांब. मुंबईची गर्दी नको. पेन्सिल मुंबईखाली जराशी सरकली आणि थांबली ती अलिबागवर.

“अलिबाग!” मुलगा जवळजवळ ओरडलाच. वेळास, तारकर्ली अशा नावांपुढे अलिबाग म्हणजे मेजवानीच्या पानात वाढलेला वरणभात. चित्रपटांनी त्या गावाच्या नावाची थट्टा करून ठेवली आहे, आणि तेथली वाळू तर काळसर. पण आईला नेमके तेच हवे होते. तेथली वाळू घट्ट, तिच्यात पाय रुतत नाही. समोर कुलाबा किल्ला. १६८० साली शिवाजी महाराजांनी त्याचे बांधकाम सुरू करवले आणि पुढे कान्होजी आंग्र्यांच्या आरमाराचे ते ठाणे झाले. भरतीला तो समुद्रात असतो, आणि ओहोटीला किनाऱ्यावरून चालत त्याच्या दरवाजापर्यंत जाता येते. शिवाय त्याच गावात चुंबकीय वेधशाळा आहे. मुंबईत विजेच्या ट्राम येणार, त्यांनी कुलाब्याच्या वेधशाळेतली होकायंत्रे बिघडणार, म्हणून १९०४ साली ते काम अलिबागला हलवण्यात आले. भूगोलाच्या शिक्षिकेला एका गावाने ह्याहून अधिक काय द्यावे?

राहिला दिवस. कोकणात काही वर्षे नोकरी करून आमच्याकडे बदलून आलेल्या एका गुरुजींनी आईला पूर्वी एक हिशेब सांगितला होता: तिथीची पाऊणपट करावी, ती भरतीची वेळ. अष्टमीला आठाची पाऊणपट सहा, म्हणून सहाला भरती. आणि त्यानंतर सव्वासहा तासांनी ओहोटी पुरी. चंद्र रोज सुमारे पन्नास मिनिटे उशिरा येतो, त्याच्यामागून पाणीही तितकेच उशिरा येते. पाऊण तासाचा हिशेब त्यातूनच निघालेला. मार्गशीर्षातली पौर्णिमा प्रथमच बाद झाली, कारण दत्तजयंतीला देवगड सोडून आई कोठे जाणार नाही. पौषातली पौर्णिमा पाहिली, तर भरती सव्वाअकराला आणि ओहोटी साडेपाचला. किल्ल्यातून परतताना अंधार होणार. “चतुर्दशी,” आई म्हणाली. “भरती साडेदहाला, ओहोटी पावणेपाचला. उजेडात जाऊ, उजेडात येऊ.” मुलाने फोनवर वेळ पाहिली. पंधरा-वीस मिनिटांचा फरक निघाला. पंचांगावरून समुद्राचे घड्याळ लागते हे पाहून तो बराच वेळ काही बोलला नाही, आणि तारकर्लीचे नावही त्याने पुन्हा काढले नाही.

नेवाशाहून नगर, पुणे, खोपोली, पेण असा सव्वातीनशे किलोमीटरचा प्रवास करून आम्ही आदल्या रात्री अलिबागला पोहोचलो. दुसऱ्या दिवशी सकाळी दहाला किनाऱ्यावर गेलो, तेव्हा किल्ल्याच्या चहूकडे पाणी होते आणि लोक होडीने जात होते. आईने समुद्र पहिल्यांदा पाहिला तो असा. ती काय म्हणते ह्याकडे आम्हां सर्वांचे डोळे लागले होते. ती एवढेच म्हणाली, “आता येथे बसू.” सुरूच्या सावलीत सतरंजी घातली, आणि मग आई ओहोटीची वाट पाहू लागली. मुले भिजून आली, जेवण झाले, मला डुलकी लागली. ती बसून होती.

पावणेचारच्या सुमारास तिने मला हलवले. समोर ओली, चकचकीत जमीन पसरली होती आणि तिच्यावरून माणसे किल्ल्याकडे चालली होती. घोडागाडीही उभी होती. मी भाडे विचारण्यासाठी वळणार तोच आई चालू लागली. एका हातात काठी, दुसऱ्या हाती नात. घोटाभर पाणी अजून मधूनमधून होते. सकाळी जेथे होड्या चालत होत्या तेथे खडक उघडे पडले होते, त्यांच्या खळग्यांतून खेकडे पळत होते, आणि वाळूवर पाण्याने ओढलेल्या बारीक वळ्या होत्या, नुकत्याच नांगरलेल्या वावरासारख्या. अर्ध्या वाटेवर आई थांबली. गुडघे दुखतात का, असे मी विचारले. तिने मान हलवली.

“मी चुकीचं शिकवलं,” ती म्हणाली.

मला वाटले, वेळेचा हिशेब चुकला.

“तसं नाही. पाणी मागं जातं हे बरोबर. पण मी डस्टर सरकवून दाखवायचे, ते पाणी जाताना दिसायचं. सकाळपासून मी डोळा हलवला नाही रे. ते जाताना दिसलंच नाही. गेलेलं दिसलं.”

ह्यावर मला काही बोलता आले नाही. तिच्या काठीभोवती वाळूत पाणी साचू लागले होते. नातीने तिचा हात ओढला आणि आम्ही पुढे निघालो. किल्ल्यात तिने सिद्धिविनायकाचे दर्शन घेतले. भर समुद्रातल्या किल्ल्यात गोडे पाणी असते हे वर्गात सांगितलेलेच होते. तरी विहिरीपाशी तिने ओंजळभर पाणी मागून घेतले आणि चाखून पाहिले. मग घड्याळ बघून आम्हांला बाहेर काढले, सहलीच्या मुलांना काढावे तसे. पाणी उलटायच्या आत आम्ही किनाऱ्याला लागलो. पश्चिमेला सूर्य उतरत होता, पूर्वेला उद्या पुरा होणारा चंद्र वर आला होता, आणि दोहोंच्या मध्ये आमची पावले उमटलेली वाट हळूहळू ओली होत होती. ती बुडेपर्यंत आई तेथून उठली नाही.

नेवाशाला परत आल्यावर शेजारच्या गृहस्थांनी विचारले, “अलिबागला पाहण्यासारखं काय आहे?” मुलगा उत्तरला, “ते किती वाजता जाता त्यावर आहे.” एवढ्या शब्दांत मला ते सांगता आले नसते. आम्ही महिनाभर स्थळासाठी भांडलो, आणि समुद्र तर स्थळापेक्षा वेळेचा विषय होता. सकाळी दहाला परतलो असतो, तर तोच किनारा पाहूनही आईने जे पाहिले ते आम्ही पाहिले नसते.

आता संध्याकाळी आई ओट्यावर बसते. खाली प्रवरा असते, उन्हाळ्यात तिचे पाणीही मागे सरते, पण त्याला भरती-ओहोटीचे वेळापत्रक नाही. परवा पंचांग चाळता चाळता ती बोटांवर काही मोजत होती. मी विचारले, काय मोजतेस?

“आज दशमी,” ती म्हणाली. “साडेसातला भरती. आता अलिबागच्या किल्ल्याला पाणी लागलं असेल.”