पिकअपला मोठे टायर घालताना



मागच्या नोंदीत टोमॅटोच्या बांधणीचं लिहिलं होतं. आजची नोंद पिकाची नाही, पण पिकाचा सगळा भार ज्याच्यावर बाजारात जातो त्याची आहे. पिकअपच्या टायरची. गेल्या हंगामात मी यात चूक केली. ती लिहून ठेवतो, कारण तीच चूक करायच्या तयारीत असलेले दोघंतिघं मला आमच्याच गावात दिसताहेत.

आमचा मळा निफाड तालुक्यात, काळ्या रानात. डांबरीपासून मळ्यापर्यंत पाऊण किलोमीटर पाणंद आहे. पाऊस पडला की तिचं काय होतं ते काळ्या रानवाल्याला सांगायला नको. मागचे दोन टायर झिजून सपाट झाले होते, गाडी नाल्याजवळ रोज रुतायची, रोज ट्रॅक्टर लावून ओढायची. पोरगा म्हणाला, "नाना, आता मोठे टायर टाकू. गाडी उंच होईल, रुतायची नाही, आणि मालही जास्त पेलेल." मोठी जीपगाडी घेणारे लोक अलॉय चाकं बसवतात आणि मूळचे टायर विकून टाकतात. तसे दोन टायर त्याला मिळाले. नक्षी चांगली होती, पाच हजारात जोडी. मी हो म्हटलं. पोराचा हट्ट होता असं मी घरात सांगतो, पण खरं कारण पाच हजार हेच होतं.

टायर चढले. गाडी मागून रुबाबदार दिसायला लागली. पहिल्या पंधरा दिवसांत रुतलीही कमी. मी खूश.

मग एक दिवस रात्री दीड वाजता फोन आला.

पोरगा आणि शेजारचा मुलगा वाशीला माल घेऊन निघालेले. साठ क्रेट, त्यातले चाळीस आमचे आणि वीस चुलतभावाचे. घोटीचा टोल सोडून गाडी नुकतीच दुसऱ्या गिअरला पडली आणि मागचा उजवा टायर फुटला. बाजूनं हातभर उघडला. गाडी हळू होती म्हणून जागेवर बसली, नाहीतर पुढं इगतपुरी आणि त्याच्यापुढं कसारा घाटाचा उतार. अर्ध्या तासानं फुटला असता तर फोन कुणाचा आला असता, हा विचार मी त्या रात्री पुष्कळ वेळा केला.

स्टेपनी होती, पण ती जुन्या मापाची. एकाच एक्सलवर एका बाजूला लहान चाक आणि दुसऱ्या बाजूला मोठं, वर भरलेला माल, आणि समोर घाट. डिफरन्शियल सरळ रस्त्यावरसुद्धा सारखं फिरत राहणार. मी पोराला सांगितलं, गाडी हलवू नको, माल गेला तर जाऊ दे. सकाळी घोटीतून दुसरी पिकअप भाड्यानं केली, क्रेट हलवले, वाशीला पोचायला दहा वाजले. तोवर मोठं गिऱ्हाईक उठून गेलेलं. क्रेटमागं शंभर-सव्वाशेनं मार बसला, वर भाडं. चुलतभावाच्या वीस क्रेटची तूट मी माझ्या खिशातून दिली. त्यानं "राहू दे" म्हटलं, पण घेतली.

फुटलेला टायर घरी आणला आणि मी ओट्यावर तो, जुना टायर, टेप आणि खडू घेऊन बसलो. दहावीला भूमितीत काठावर पास झालेला माणूस मी, पण हा हिशेब अवघड नाही.

जुन्या टायरवर १९५/८० आर १५ लिहिलेलं. १९५ म्हणजे रुंदी, मिलिमीटरमध्ये. ८० म्हणजे बाजूची उंची रुंदीच्या ८० टक्के, म्हणजे १५६. १५ म्हणजे रिम १५ इंची, ती झाली ३८१ मिलिमीटर. वरची-खालची बाजू धरून ३१२ आणि ३८१, चाक ६९३ मिलिमीटर उंच. नवा, म्हणजे जुनाच, २३५/७५ आर १५. त्याचं चाक भरतं ७३३. म्हणजे ४० मिलिमीटर मोठं. पण गाडी उचलली जाते २०च, कारण निम्मी वाढ एक्सलच्या वर जाते. एवढा खटाटोप करून बोटाच्या जाडीएवढीच उंची मिळाली.

त्या बदल्यात काय गेलं ते बघा. चाक पावणेसहा टक्क्यांनी मोठं झालं की मीटर फसतो. काटा ६० वर असतो तेव्हा गाडी ६३ च्या वर पळत असते. खरे १०० किलोमीटर झाले की मीटर साडेचौऱ्याण्णव दाखवतो. पोरगा महिनाभर म्हणत होता की ॲव्हरेज पडला, त्यातला बराचसा पडला नव्हता, मीटरच कमी मोजत होता. ओढ मात्र खरंच कमी होते. पहिल्या गिअरला नाल्याचा चढ चढताना क्लचचा वास यायचा, तो मी चिखलाच्या नावावर घालत होतो.

रिमच्या आत बघितलं तर ५½जे कोरलेलं. २३५ च्या टायरला कमीत कमी ६ इंची रिम लागते. अरुंद रिमवर रुंद टायर बसवला की बाजू बाहेर फुगते. फुटलेल्या टायरच्या आतल्या बाजूला एक पट्टा आरशासारखा चकाकत होता. माल भरला की तो पाट्यांना घासत होता आणि आम्हाला पत्ता नाही.

शिक्का बघितला, चार आकडी. २३१५. पहिले दोन आकडे आठवडा, पुढचे दोन साल. म्हणजे २०१५ चा टायर, आम्ही घेतला तेव्हाच नऊ वर्षांचा. नक्षी भरपूर होती, पण बाजूला केसासारख्या चिरा होत्या. आपण बियाण्याच्या पिशवीवरची तारीख दुकानात चष्मा लावून वाचतो, आणि टायरची नाही बघितली.

आणि सगळ्यात वाईट म्हणजे हवा. त्या टायरवर बारीक अक्षरात कमाल ४४ पीएसआय लिहिलेलं होतं. तो माणसं बसणाऱ्या गाडीचा टायर. आमचा जुना टायर एलटी, ८ पीआर, म्हणजे मालगाडीचा, जाड बाजूचा. त्यात आम्ही ६० भरायचो, तीच सवय याला लावली. दिसायला मोठा, पण अंगानं पातळ. आता तो हवेनं फुटला, घासून फुटला, म्हातारा झाला म्हणून फुटला की ओझ्यानं, हे एकच कारण मी सांगू शकत नाही. चारही होती.

ओझ्याचं सांगतो. ते मला सगळ्यात जास्त लागलं.

टायरवर मापाच्या पुढं वजनाचा आकडा असतो. जुन्यावर १०६/१०४ होता. पहिला आकडा एका बाजूला एकच टायर असेल त्याचा. १०६ म्हणजे एक टायर ९५० किलो पेलतो, तेही पूर्ण हवा असताना. मागच्या दोघांचे मिळून १,९००. मोठ्या टायरवर १०५ होता, म्हणजे ९२५. मोठा टायर जास्त माल पेलतो हा आमचा समज तिथंच संपला. तो एक पायरी कमीच होता.

दुसऱ्या दिवशी साठ क्रेट भरून गाडी वजनकाट्यावर नेली. आधी पूर्ण गाडी, मग फक्त मागची चाकं काट्यावर ठेवून. काटेवाला हसला, पण करू दिलं. पूर्ण गाडी ३,१९० किलो. मागचा एक्सल २,०८०. आरसी बुकावर भरलेल्या गाडीचं वजन २,९५०. आपण म्हणतो वीस किलोचा क्रेट, पण भरताना तो बावीसवर जातो, वर क्रेटचे दोन किलो. साठ क्रेटचे चौदाशे चाळीस होतात. म्हणजे मूळचे नवेकोरे टायर असते तरी आम्ही मागच्या जोडीवर १८० किलो जास्त घालत होतो. वर्षानुवर्षं. गाडी ओढतेय म्हणून चालतंय असं धरून.

पोराला कागद दाखवला. तो बराच वेळ गप्प होता, मग म्हणाला, "नाना, दहा क्रेट कमी केले तर डिझेलचं भाडं कुठून काढायचं?" प्रश्न बरोबर आहे त्याचा. मी उत्तर दिलं नाही, पण पन्नासच भरायचे हे ठरवलं. पन्नासला वजन काट्यावर बरोबर बसतं. वीसऐवजी चुलतभावाचे दहा नेतो आता. त्यावरून दोन महिने त्यानं नीट बोलणं ठेवलं नव्हतं.

टायर मात्र घ्यायचेच होते. शेवटी २१५/७५ आर १५ घेतले, एलटी, ८ पीआर, वजनाचा आकडा १०६/१०३. आमच्याच गाडीच्या पुढच्या मॉडेलला कंपनी हेच माप देते, आणि आमच्या रिमवर ते बसतं. चाक भरतं ७०३, म्हणजे जुन्यापेक्षा १० मिलिमीटर, दीड टक्का. मीटर जवळपास खरा राहतो. रुंदी २० मिलिमीटरनं वाढली. पेलायची ताकद काही वाढली नाही, ९५० तीच. पुढं सरळ रेघांच्या नक्षीचे, मागं खोल आडव्या नक्षीचे. माल भरल्यावर मागचं चाक पाट्यापासून किती लांब राहतं ते बोट घालून बघितलं, पुढची चाकं दोन्हीकडं पूर्ण वळवून बघितली. टायरवाला म्हणाला चारच घ्या, स्टेपनी जुनी चालेल. पाच घेतले. साधारण ३४ हजार गेले. सोसायटीचे पैसे भरायला ठेवले होते, त्यातले.

त्यानं टायर चढवताना हवा ६५ भरली, मी ६० वर आणायला लावली, यावरून थोडी बाचाबाची झाली. गाडी रिकामी असली तर ६० सुद्धा जास्तच आहे, मागची चाकं उड्या मारतात आणि नक्षी मधोमध झिजते. हवा सकाळी थंड टायरमध्येच मोजतो आता. गेज चारशे रुपयांचं आहे, डॅशबोर्डमध्ये असतं. पंपावरच्या मशीनवर माझा फार भरवसा नाही.

चिखलाचं म्हणाल तर नवे टायर जुन्यापेक्षा बरे आहेत, पण नाल्याजवळचा साधारण दोनशे फुटांचा पट्टा अजूनही गिळतो. खोल नक्षीत काळी माती एकदा भरली की कुठलाच टायर टायर राहत नाही, नुसता गोळा होतो. उन्हाळ्यात तिथं सहा ट्रॉली मुरूम टाकला. पलीकडच्या दोघांनी निम्मे पैसे द्यायचं कबूल केलं होतं. एकानं दिले. जोराचा पाऊस असेल त्या दिवशी पिकअप डांबरीवरच उभी करतो आणि क्रेट ट्रॅक्टरच्या ट्रॉलीनं बाहेर आणतो. तासभर जास्त जातो, दोन माणसं जास्त लागतात. पण ओल्या रानाच्या कडेनं गाडी घालून माती दाबत नेण्यापेक्षा ते परवडतं.

जोडीतला दुसरा मोठा टायर अजून गोठ्यामागं पडून आहे. परवा एकजण विचारायला आला होता, त्याच्या पिकअपला पाहिजे म्हणून. हजार रुपये देत होता. मी त्याला शिक्का दाखवला आणि बाजूच्या चिरा दाखवल्या. तरी म्हणाला, मागं एकच लावतो, लांब कुठं जायचंय. दिला नाही. पोराला सांगितलंय, कापून म्हशीला पेंड घालायला कर.