उजवीकडे म्हणजे उजवीकडे

मंडळाच्या गणपतीत दरवर्षी कुणीतरी विचारतंच, "शनिवारी तुम्ही गायब कुठे असता हो?" मी "विमान उडवायला" म्हटलं की समोरच्याच्या चेहऱ्यावर आधी आदर उमटतो, आणि विमान दीड मीटरचं आहे हे कळलं की तो ओसरतो. आमची ही तर सरळ सांगून टाकते, "पतंगाचंच वेड आहे, फक्त महाग झालंय."

तिचं म्हणणं खोटं नाही. मी येवल्याचा. संक्रांतीला आमच्या गावात आसारी हातात घेऊन अख्खं गाव गच्चीवर असतं. पतंग एका अंगाने गिरक्या घेऊ लागला की खाली उतरवायचा, हलक्या बाजूला चिंधी बांधायची आणि पुन्हा सोडायचा, हे मी शाळेत जायच्या आधी शिकलो. चाळिशीत जर्मनीत पुन्हा तेच करत बसेन, असं मात्र वाटलं नव्हतं.

आम्ही राहतो तो श्टुटगार्टजवळचा भाग या वेडाला पोषकच आहे. १९३० साली सुरू झालेली ग्राउपनर ही मॉडेल-विमानांची नावाजलेली कंपनी अनेक वर्षं इथल्या किर्शहाइम उंटर टेकमध्ये होती. त्याच गावाच्या हानवाइडे मैदानावरून आजही ग्लायडर उडतात. पहिल्या महायुद्धानंतर व्हर्सायच्या तहाने जर्मनीच्या विमानांवर बंधनं आली, तेव्हा इथल्या तरुणांनी ऱ्होनच्या डोंगरात, वासरकुप्पेवर, १९२० पासून बिनइंजिनाच्या विमानांच्या स्पर्धा भरवल्या. इंजिन नाही तर नाही, उडायचं मात्र सोडायचं नाही, ही त्यांची जिद्द. आमच्या क्लबातल्या म्हाताऱ्यांच्या बोलण्यात अजूनही ती डोकावते.

क्लब म्हणजे शेतांच्या मधोमध कापलेल्या गवताची एक पट्टी, एक लाकडी खोपटं आणि कॉफीचं यंत्र. नियम मात्र भरपूर. विमा सक्तीचा. अडीचशे ग्रॅमपेक्षा जड विमान असेल, तर मालकाची सरकारदरबारी नोंद आणि तो क्रमांक विमानावर चिकटवलेला. दोन किलोच्या वर विमान न्यायचं तर छोटी परीक्षा. दुपारी गावाच्या विश्रांतीच्या वेळी आवाज बंद. वर्षातून ठरलेले तास गवत कापायचं, कुंपण रंगवायचं. प्रत्येक उड्डाण वहीत नोंदवायचं, आणि काही घडलं तर शेवटच्या रकान्यात तेही. ऑफिसात पंधरा वर्षं काही साहेबांना 'झी' म्हणणारा मी इथे पहिल्याच दिवशी सत्तरीच्या माणसाला 'दू' म्हणायला लागलो. जीभ अडखळली. आपल्याकडे त्या वयाच्या माणसाला अरे-तुरे केलं असतं तर आईने कान धरला असता.

पहिली दोन वर्षं मी शिकाऊ विमान उडवलं. त्याचे पंख धडाच्या वर असतात आणि टोकांना किंचित वर उचललेले असतात. गोंधळलात तर हात काढून घ्या, ते बहुतेक वेळा स्वतःच सरळ होतं. कसरतीचं विमान तसं नसतं. त्याचे पंख मधोमध आणि सपाट असतात, सुलटं आणि उलटं उडणं त्याला जवळजवळ सारखंच. तुम्ही त्याला तिरकं केलंत की ते तिरकंच राहतं. ते तुमची चूक सावरत नाही, इमानाने पार पाडतं. म्हणून या विमानाचा निम्मा खेळ आकाशात आणि निम्मा टेबलावर असतो.

दोन वर्षांपूर्वीच्या मार्चमध्ये माझं पहिलं कसरतीचं विमान तयार झालं. बाल्साचं धड, एक मीटर साठचा पंख, वजन अडीच किलोच्या आसपास, सहा सेलची लायपो बॅटरी. ट्रान्समीटरमध्ये नव्याने सगळं भरण्याऐवजी जुन्या विमानाची मेमरी कॉपी केली. रात्री बारा वाजता पंखावरचे एलेरॉन हलवून पाहिले. हलत होते. झोपलो.

शनिवारी थंडी होती, वारा नव्हता. बारा वर्षांचा मुलगा सोबत होता. उडवण्याआधी काठ्या हलवून प्रत्येक भाग योग्य दिशेला हलतो ना हे बघायचं असतं, पण चार जण बघायला जमले होते आणि मला घाई झाली होती. विमान सुटलं, जमिनीवरून उठलं, प्रोपेलरच्या जोराने जरासं डावीकडे कललं. मी उजवीकडे काठी दिली. ते आणखी डावीकडे कललं. मी आणखी उजवीकडे दिली. तीन सेकंदांत ते पाठीवर वळलं आणि नाकाने शेतात घुसलं.

सगळे धावले. पिचकलेली बॅटरी पेट घेऊ शकते, म्हणून एकाने ती आधी वाळूच्या बादलीत टाकली. कुणीतरी विचारलं, काय झालं? आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "फुंकश्टोरुंग." रेडिओचा संपर्क तुटला.

आता तसं असेल तर ती एकट्या माझी बाब राहत नाही. मैदानावर कसला व्यत्यय येत असेल, तर सगळ्यांचीच विमानं धोक्यात. क्लबातल्या वडीलधाऱ्या माणसाने, हे आयुष्यभर कारखान्यात साचे बनवून निवृत्त झालेले गृहस्थ, सगळी विमानं खाली उतरवायला लावली. मग एकेकाचा ट्रान्समीटर कमी ताकदीवर ठेवून, पावलं मोजत लांब जाऊन, संपर्क तपासणं सुरू झालं. मोसमातली पहिली चांगली दुपार. सात माणसं गार वाऱ्यात शेताच्या बांधावर ये-जा करत राहिली. मी तुकडे पिशवीत भरत बसलो. वहीत माझ्या नावापुढे 'व्यत्यय' अशी नोंद झाली.

गाडीत बसल्यावर मुलगा बराच वेळ गप्प होता. आमच्या घरात तो एरवी जर्मनच बोलतो. मराठीत एखादं वाक्य पुरं करायला त्याला धक्का द्यावा लागतो. त्या दिवशी काचा बंद असूनही तो हळू आवाजात, मराठीत म्हणाला, "बाबा, ते उलटं हलत होतं. मी पाहिलं. तू उजवीकडे दिलंस आणि उजवीकडचं खाली गेलं."

मी काहीच बोललो नाही. तो पुढे म्हणाला, "मी तिथे बोललो नाही. त्यांना कळलं असतं."

आपल्या मुलाने मराठी बोलावं म्हणून आम्ही काय काय केलं. शनिवारची शाळा, गोष्टींची पुस्तकं, आजीशी रोजचा व्हिडिओ कॉल. आणि तो आपणहून मराठी बोलला, तो बापाचं खोटं झाकण्यासाठी. घरी येऊन मी तुटक्या पंखाला बॅटरी जोडली. काठी उजवीकडे केली. उजवा एलेरॉन वर जायला हवा होता. तो खाली गेला.

पुढच्या शनिवारी विमान नव्हतं, तरी मी गेलो. रस्ताभर जर्मन वाक्यं जुळवत होतो. त्या गृहस्थांना सांगितलं की रेडिओत काही दोष नव्हता, एलेरॉन उलटे होते, मी तपासले नव्हते, आणि हे मला लगेचच कळलं होतं. वाटलं होतं, खांद्यावर हात ठेवून 'असू दे' म्हणतील. तसं काही झालं नाही. ते म्हणाले, "म्हणजे आमची दुपार फुकट गेली." मग खोपटातून वही आणली, पेन माझ्या हातात दिलं. मी 'व्यत्यय' खोडून 'पिलोटेनफेलर' लिहिलं, वैमानिकाची चूक. त्यांनी पानं मागे उलटून दाखवली. तोच शब्द त्यांच्या स्वतःच्या नावापुढे तीनदा होता. "पुढचे दोन शनिवार गवत तुझं," एवढं म्हणून ते कॉफी करायला गेले.

दुसरं विमान उन्हाळ्यात तयार झालं. या वेळी मुलगा विमानाच्या मागे उभा राहतो, म्हणजे त्याचा उजवा आणि विमानाचा उजवा एकच. मी काठी हलवतो, तो ओरडतो: "उजवीकडे, उजवा वर, बरोबर!" हे सगळं मराठीत. शेजारच्या टेबलावरचा एक जण आता 'बरोबर' म्हणायला शिकलाय.

मग आकाशातली कामं. विमान पंचेचाळीस अंशांत चढवायचं, उलटं करायचं आणि काठी मोकळी सोडायची. नाक झपाट्याने जमिनीकडे वळलं तर ते नाकजड. बॅटरी पाच मिलिमीटर मागे. स्वतःहून वर चढू लागलं तर शेपूटजड, बॅटरी पुढे. जवळजवळ सरळ गेलं तर ठीक. पूर्ण ताकदीवर सरळ वर नेलं आणि ते डावीकडे सरकू लागलं, तर मोटरच्या एका बाजूला पातळ वॉशर घालून तिचं तोंड किंचित उजवीकडे करायचं. एका कडेवर, सुरीसारखं उडवलं आणि ते पोटाकडे ओढलं गेलं, तर रडरसोबत एलेव्हेटर दोन-तीन टक्के वर मिसळायचा. एका वेळी एकच गोष्ट बदलायची. दोन बदलल्या की सुधारलं तरी कशामुळे ते कळत नाही. एक बॅटरी सहा-सात मिनिटं चालते, त्यामुळे एका शनिवारी जेमतेम चार-पाच बदल होतात. विमान मनासारखं व्हायला आमचा सबंध ऑगस्ट गेला. सप्टेंबरात मुलाने त्यावर पहिला सरळ, न डळमळता रोल केला. माझा अजून शेवटी थोडा वाकडा होतो.

आता धुक्याचे दिवस आले. बॅटऱ्या साठवणीच्या चार्जवर ठेवल्या आहेत आणि टेबलावर उरलेल्या बाल्साच्या पट्ट्यांचा आकाशकंदील होतोय. इथे बांबूच्या कामट्या कुठून आणणार? कागदाऐवजी पंखाला लावतात ती भगवी फिल्म इस्त्रीने चिकटवली. बाल्कनीत टांगला तर एका अंगाला कलला. मुलाने खालून पाहिलं आणि हलक्या बाजूला पाच सेंटचं नाणं चिकटवलं. तरीही जरासा तिरका आहेच.

दिवाळीला घरी आलात तर दिसेलच. कंदील कुणी केला विचारलंत, तर दोघांनी. तिरका का आहे विचारलंत, तर एक पट्टी मी लांब कापली.